डासांचे कॅप्टन आणि कमळाचा टब

माझ्या स्पेनमधल्या दोन शास्त्रज्ञांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघं एकदम ओरडलात, "आजी, तू सायंटिस्ट झालीस?" तुमच्या बाबाला आमच्या सोसायटीचं पत्रक आलं होतं आणि त्यात माझा फोटो होता. गळ्यात झेंडूची माळ, हातात प्रमाणपत्र आणि चेहरा दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखा. फोटोखाली लिहिलं होतं की आमच्या सोसायटीने 'टायगर' जातीचा डास शोधून विज्ञानाला मोठा हातभार लावला. पत्रकात जे छापलंय ते खरं आहे. जे छापलं नाही ते जास्त खरं आहे, एवढंच. म्हणून हे आताच लिहून तुम्हाला पाठवते. आणखी वर्षभर थांबले तर पत्रकातलीच हकिगत सगळ्यांच्या तोंडी बसेल, आणि माझ्या वयाचा काय भरवसा, मीही तीच सांगायला लागेन.

बाबाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. शेवटाकडे 'डबकं' हा शब्द येईल. तो अडला तर मदत करू नका. दिल्लीत वाढलेल्या मुलांनी मराठी शब्द कुठे कुठे टाकून दिलेत ते तुम्हालाही कळू दे.

सुरुवात खरं तर तुमच्यापासूनच झाली. तुमच्या शाळेत डासांचे फोटो काढून अ‍ॅपवर पाठवायचा प्रकल्प होता. तुम्हाला बाल्कनीत पट्ट्यापट्ट्यांचा टायगर डास सापडला आणि बाईंनी सांगितलं की हा आशियातून आलेला घुसखोर आहे, जुन्या टायरांत साचलेल्या पाण्यातून जहाजाने आला. तुम्ही मला विचारलंत, "आजी, तो तुमच्याकडचाच ना?" जणू मीच बेसनाच्या लाडवांबरोबर डबा भरून पाठवला होता. तुमच्या बाबाचे व्हिसाचे कागद दोनदा परत आले होते. डासाला एक टायर पुरला.

तेव्हा मी तुम्हाला सांगितलं नव्हतं ते आता सांगते. दिल्लीत डेंग्यू पसरवणारा आमचा जो मुख्य डास आहे, तोही मूळचा इथला नाही. त्याचे पूर्वज आफ्रिकेतले, केव्हातरी जहाजांतून जगभर गेले. पण तो इथे इतका रुळलाय की त्याला कोणी 'तुम्ही कुठले' विचारत नाही. मी लग्न होऊन दिल्लीत आले त्याला चाळीस वर्षं झाली आणि अजून लिफ्टमध्ये कोणीतरी प्रेमाने विचारतं, "आंटी, आप लोग साउथ से हो?"

आमची सोसायटी तुम्ही पाहिली आहे. गुरगावच्या पार टोकाला, जिथून मानेसरचे कारखाने दिसत नाहीत पण तिथे कामगारांना नेणाऱ्या कंपनीच्या बस रोज सकाळी आमच्या गेटसमोर वाहतूक अडवतात. सोसायटीला इटलीतल्या एका गावाचं नाव आहे. तिथे आमच्यापैकी फक्त अध्यक्ष जाऊन आलेत आणि त्यांच्या मते आमचं कारंजं जास्त चांगलं आहे.

तळमजल्यावर, आमच्या बरोबर खाली, तुमच्या कमळवाल्या आजी राहतात. नाव तुम्हीच दिलंत. त्या मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या, केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आल्या आणि इथेच निवृत्त झाल्या. आमची ओळख कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये झाली. दोघींनी एकाच वेळी आपापला गार साबुदाणा वडा परत पाठवला होता. तक्रारीवर जमलेली मैत्री टिकते, असा माझा अनुभव आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणून त्या मला 'बाई' म्हणतात; मी त्यांना 'ताई'.

ताईंच्या फ्लॅटपुढच्या लहानशा अंगणात तीन टब होते. टब म्हणजे कारखान्यातले निळे ड्रम, आडवे अर्धे कापलेले. त्यांत कमळं. त्यांच्या गावाला एक बोडी आहे, म्हणजे शेतासाठी पाणी साठवायचं छोटं तळं. तिथला कमळाचा कंद ताईंच्या यजमानांनी ओल्या पोत्यात गुंडाळून रेल्वेतून आणला होता. तिकीट तपासनिसाने बर्थखाली हे काय, म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी 'भाजी' असं सांगितलं. ते गृहस्थ जाऊन बरीच वर्षं झाली. कंद वाढत राहिला, एकाचे तीन टब झाले. दरवर्षी दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ताई एक फूल घेऊन मेट्रोने करोल बागेकडच्या विहारात जातात. पूर्वी या दिवशी त्या नागपूरला जायच्या. गुडघे गेल्यापासून फूल जातं, तेही विहारापर्यंत. आमच्याकडे दसऱ्यापर्यंत हंगाम उतरणीला लागलेला असतो, त्यामुळे शेवटच्या कळीवर ताईंचा असा पहारा असतो की आमचे गेटवरचे गार्ड लाजतील.

टबांत छोटे मासे होते. महापालिकेच्या मलेरियावाल्यांनी दिलेले, डासांची पिल्लं खाणारे. हे मासेही मूळचे दक्षिण अमेरिकेचे, हे मी वाचलं तेव्हा ताईंना मुद्दाम खाली जाऊन सांगितलं. म्हणजे आफ्रिकेच्या डासाची पिल्लं, दक्षिण अमेरिकेचे मासे, भंडाऱ्याच्या कमळाखाली, हरियाणात बसून खात होते. ताई म्हणाल्या, "असू द्या न बाई. आपापलं काम तं करून राहिले."

तर, गेल्या पावसाळ्यात आमच्या अध्यक्षांना विज्ञानाचा झटका आला. ते एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेत आणि प्रत्येक गोष्टीला 'मिशन' म्हणतात. लिफ्टचा पंखा बदलणं हेही मिशन होतं. या वेळचं मिशन होतं 'झीरो मच्छर'. त्यांच्या भाचीच्या ओळखीतली एक संशोधक मुलगी क्लबहाउसमध्ये माहिती द्यायला आली. मुलगी फार चांगली, नीट बोलणारी. तिने सांगितलं की शहरात कुठली जात कुठे शिरते आहे हे शास्त्रज्ञ एकटे शोधू शकत नाहीत. लोकांनी फोटो पाठवले, नोंदी केल्या, तर नवी जात लवकर सापडते. पाठीवर वीणेसारख्या वाद्याच्या आकाराच्या, बाकदार रेघा असतील तर तो आपला नेहमीचा डास. मधोमध एकच पांढरी रेघ असेल तर टायगर. टायगर झाडीत रमतो, दाट वस्तीत कमी दिसतो, त्यामुळे तो आमच्यासारख्या ठिकाणी कुठवर आलाय ते पाहायचं होतं.

मग तिने अंडीसापळे दाखवले. अगदी साधी गोष्ट: काळा प्लास्टिकचा पेला, त्यात थोडं पाणी, आत कापडाची एक पट्टी. डासाची मादी पट्टीवर अंडी घालते. आपण आठवड्याने पट्टी काढून पाकिटात घालायची, पेला ओतून घासायचा, नवं पाणी भरायचं.

"एक बात प्लीज याद रखिए," ती म्हणाली. "हर हफ़्ते खाली करना है. नहीं किया तो ये ट्रैप नहीं, मच्छरों की नर्सरी है."

"बिल्कुल, बिल्कुल," अध्यक्ष म्हणाले. "रिमाइंडर लगा देंगे."

तिने हे पुन्हा सांगितलं. निघताना तिसऱ्यांदा सांगितलं. सगळ्यांनी तिच्या भाषणाचा व्हिडिओ काढला. व्हिडिओ काढला की ऐकायची गरज राहत नाही.

यानंतर आमची मंडळी जे सर्वांत चांगलं करतात ते केलं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाला, बोधचिन्ह झालं, पिवळे टी-शर्ट छापले. प्रत्येक इमारतीला एक आणि बागेला एक 'मच्छर कॅप्टन' नेमला. आमच्या इमारतीची कॅप्टन मी, कारण मला वेळ असतो आणि इंग्रजी येतं. टी-शर्टवर छापलेला डास तुमच्या आजोबांनी चष्मा लावून नीट पाहिला.

"हा हसतोय," ते म्हणाले.

"मग?"

"काही नाही. त्याला काहीतरी माहीत असावं."

डास मारणं आणि डासाचा फोटो काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कॅप्टन झाल्यावर कळलं. मारायला राग पुरतो. फोटोला डास अख्खा लागतो: पाठ, पाय, पायांवरचे पट्टे. आजोबांची ती विजेची रॅकेट मला प्रकल्पाच्या काळापुरती जप्त करावी लागली. पहिल्या फोटोवर अ‍ॅपवरच्या तज्ज्ञांचं उत्तर आलं की ही माशी आहे. दुसऱ्यावर आलं की हा डास नसून डासासारखा दिसणारा निरुपद्रवी कीटक आहे. तिसरा डास होता, पण पाय दिसत नसल्याने जात सांगता येत नाही, असं कळवलं.

"पाय रॅकेटला चिकटलेत," आजोबा म्हणाले. "ते वेगळे पाठवू का?"

शेवटी मी डास पेल्याखाली पकडून, डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायला लागले. थंडीने मेला की अख्खा राहतो. डबी आम्रखंडाची होती. ती कोणी आणि कोणत्या आशेने उघडली हे मी लिहीत नाही. ते गृहस्थ शेजारी बसून हे वाचतायत.

माझे सापळे दर रविवारी चहानंतर रिकामे व्हायचे. त्यात माझा मोठेपणा नाही. रविवारी चहानंतर मी पूर्वी वह्या तपासायचे; हाताला सवय होती. बाकीच्या कॅप्टनांनी सापळे लावले त्या दिवशी पिवळ्या टी-शर्टमध्ये सापळ्यांशेजारी उभं राहून फोटो काढले. ते फोटो खरोखर छान आले होते. त्यानंतर अ‍ॅपच्या नकाशावर फक्त आमच्या इमारतीच्या नोंदी दिसायच्या. बाकी सोसायटी अशी शांत होती की तिथे डास सोडाच, माणसंही राहत नसावीत असं वाटावं.

मग पलीकडच्या इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलाला डेंग्यू झाला. तो आता ठणठणीत आहे, काळजी करू नका. त्याला डास सोसायटीत चावला, कॉलेजात चावला की मेट्रो स्टेशनबाहेर चावला, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. ग्रुपवर मात्र तासाभरात सगळ्यांना कळलं. दोषी म्हणजे साचलेलं पाणी. आणि साचलेलं पाणी म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली. कारंजं नव्हे, ते 'कॉमन' आहे. पोहण्याचा तलाव नव्हे, तो 'अ‍ॅमिनिटी' आहे. ताईंचे टब.

नोटीस निघाली: सर्व 'खाजगी साचलेलं पाणी' काढून टाकावं, नाहीतर देखभाल विभाग काढून टाकेल. सोसायटीत खाजगी साचलेलं पाणी फक्त एकीकडेच होतं, पण नोटिशीत नाव घातलं की ती व्यक्तिगत होते, म्हणून घातलं नव्हतं. अध्यक्षांच्या पत्नी ताईंना गेटजवळ भेटल्या आणि समजुतीने म्हणाल्या, "दीदी, कमल ककड़ी तो मार्केट में भी मिल जाती है." कमल ककड़ी म्हणजे कमळाचा कंद, इकडे त्याची भाजी करतात.

ताई मला हे सांगताना हसत होत्या. ताई हसतात तेव्हा जरा जपून राहावं लागतं.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्यांनी पोत्यात बांधून आणलं ते टीसीलाही भाजी वाटलं होतं. पण त्याने जाऊ दिलं. हे जाऊ देत नाहीत."

"कळी आहे का?"

"एकच आहे. मधल्या टबात. दसऱ्याला होईल."

मी वर जाऊन माझा पांढरा एनॅमलचा मग आणला. संशोधक मुलीने सांगितलं होतं की पांढऱ्या भांड्यात पाणी घेतलं तर पिल्लं काळी, वळवळताना दिसतात. आम्ही तिन्ही टबांतून, कडेने, पानांखालून, पुन्हा पुन्हा मग बुडवून पाहिलं. पाणी, शेवाळ, एकदा एक मासा. पिल्लू एकही नाही.

"मासे पाहून राहिले तुमच्याकडे," ताई म्हणाल्या. "त्यांना वाटलं, जेवण आणलं."

मी फोटो काढले, अ‍ॅपवर नोंद केली, उत्तर आलं: पिल्लं आढळत नाहीत. तो कागद छापून मी समितीपुढे ठेवला. अध्यक्षांनी वाचला, मान हलवली.

"मैम, डेटा तो बढ़िया है. पर मैसेज क्या जाएगा?"

विज्ञानाच्या मिशनमध्ये डेटाने काय करायचं असतं हे मला तेव्हा समजलं. बढ़िया असायचं असतं. असो. ठरलं असं, की दसऱ्याची सलग सुट्टी आहे, सगळे बाहेर जाणार, निर्णय परत आल्यावर; तोवर काहीच करायचं नाही. अध्यक्ष कसौलीला गेले. कॅप्टन मंडळी जयपूर, ऋषिकेश, कोणी दुबई. 'काहीच करायचं नाही' हे देखभाल विभागाला सांगायचं मात्र सगळ्यांच्या लक्षातून गेलं. त्यांच्याकडे नोटीस होती, तारीख उलटली होती, आणि सांगितलेलं काम वेळेवर करण्याची आमच्या सोसायटीतली ती एकमेव वेळ म्हणून मी ती लक्षात ठेवली आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ताई विहारात साफसफाईला गेल्या होत्या. मी बाल्कनीत कपडे वाळत घालताना खाली पाहिलं तर दोन माणसं एक डबा घेऊन अंगणात उभी. गाड्यांचं जळकं तेल. पाण्यावर तेल टाकलं की डासांची पिल्लं गुदमरतात, हा जुना उपाय आहे. लिफ्टची वाट न बघता मी जिन्याने निघाले. खाली पोचले तेव्हा दोन टब झाले होते, आणि तेल नीट मिसळावं म्हणून एकजण काठीने ढवळत होता. काम चोख.

मी ताईंच्या दारातली प्लास्टिकची खुर्ची ओढली, तिसऱ्या टबापुढे ठेवली आणि बसले.

"आंटीजी, उठ जाइए. ऊपर से ऑर्डर है," सुपरवायझर म्हणाला.

"ऊपर से? ऊपर तो मैं रहती हूँ."

तो गोंधळला. "मतलब, प्रेसिडेंट साहब से."

"साहब कसौली में हैं. फ़ोन लगाओ."

त्याने फोन लावला. कसौलीत सिग्नल नव्हता. डोंगरांवर माणसाने प्रेम का करावं याचं इतकं पटण्याजोगं कारण मला याआधी सापडलं नव्हतं. "लगाते रहो," मी म्हणाले, "मैं यहीं बैठी हूँ." मग तो फोन लावत राहिला, डबावाला सावलीत जाऊन बसला. आजोबांनी वरून थर्मास आणि माझी टोपी आणून दिली, आणि "शाळा कधी सुटणार?" असं विचारून गेले.

दुपारी ताई आल्या. फाटकातूनच त्यांना दिसलं. पर्स दाराला अडकवली, साडीचा पदर खोचला, आतून पळी आणली आणि मधल्या टबातलं तेल काढायला लागल्या. तेल पळीत येत होतं, पण ढवळल्यामुळे पाणी खालपर्यंत काळं झालं होतं. मासे उलटे होऊन वर आले होते. कळी तेलाच्या वर उभी होती, देठापर्यंत माखलेली.

पळी झटकत त्या म्हणाल्या, "बाई, डास तं मेले असतील न?"

मी उत्तर देणार तेवढ्यात माझ्या घोट्याला डास चावला. पाठोपाठ दुसरा. मी खाली पाहिलं. भरदुपारी, तेलाने माखलेल्या दोन टबांच्या आणि माशांनी भरलेल्या एका टबाच्या शेजारी बसून, मला एकामागून एक पट्ट्यापट्ट्यांचे डास चावत होते. आणि मग कुंपणाच्या मेंदीमागे मला तो दिसला. काळा पेला. त्यावर गोल चिकटपट्टी, त्यावर हसणारा डास आणि 'मिशन झीरो मच्छर'. हा पेला बागेच्या कॅप्टनचा; ते तेव्हा दुबईत होते.

मी पेला पांढऱ्या मगात ओतला. ताई वाकल्या. मगातलं पाणी दिसत नव्हतं, इतकी वळवळ होती.

"अगं बाप्पा," ताई म्हणाल्या. "हे कोण पाळून राहिलं?"

त्या दुपारी आम्ही दोघी सोसायटीभर फिरलो. ताईंचे गुडघे, माझी टोपी, एक मग. मुलांच्या घसरगुंडीमागे, जिमच्या खिडकीखाली, पार्किंगच्या खांबांना, क्लबहाउसच्या दारातल्या कुंडीत. आमच्या इमारतीचे सोडून जवळजवळ प्रत्येक सापळ्यात तेच. लावले त्या दिवशी फोटो निघाले होते आणि मग कोणी फिरकलं नव्हतं. पावसाने पेले भरत राहिले, माद्या येत राहिल्या. आमच्या सुशिक्षित, पिवळ्या टी-शर्टमधल्या मंडळींनी इतकी नीट, सावलीतली, वाऱ्यापासून आडोशाची, समान अंतरावरची व्यवस्था केली होती की सरकारी योजनेतही एवढ्या सोयी मिळत नाहीत. प्रत्येकाचा फोटो काढून मी अ‍ॅपवर पाठवला, थोडं पाणी बाटल्यांत ठेवलं, बाकीचं तापलेल्या फरशीवर ओतलं. संध्याकाळपर्यंत नकाशावर आमची सोसायटी लालेलाल झाली.

दसऱ्याला सकाळी ताईंनी मधल्या टबातली कळी कापली. भांड्यांच्या साबणाने हळूच धुतली, पुसली, आणि मेट्रोने विहारात घेऊन गेल्या. मी बरोबर गेले होते. कापलेली कमळकळी सहसा उमलत नाही. ही पण उमलली नाही. तिथल्या एक बाई म्हणाल्या, "ताई, यंदा कळीच?"

"यंदा कळीच," ताई म्हणाल्या आणि ठेवून आल्या.

मंडळी परत आली, तशी समितीची तातडीची बैठक भरली. अध्यक्षांचं नाक उन्हाने सोललं होतं.

"मैम, मैप पर हमारी सोसाइटी लाल दिख रही है," ते म्हणाले. "रीसेल पर असर पड़ेगा. आप प्लीज़ डिलीट कर दीजिए."

"डिलीट नहीं होता, सर. साइंस है."

"लेकिन ट्रैप तो हमने लगाए थे," बागेचे कॅप्टन म्हणाले.

"जी. लगाए थे."

ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरच्या पिशवीतून पांढरा मग काढला आणि टेबलावर, अध्यक्षांच्या समोर ठेवला. त्यात जिमच्या खिडकीखालचं पाणी होतं. "साहब," त्यांनी अगदी आदराने विचारलं, "ये प्राइवेट है के कॉमन?"

अध्यक्षांनी खुर्ची हातभर मागे सरकवली. मगात वळवळ चालूच होती.

ताईंनी भरपाई मागितली नाही, माफीही मागितली नाही. तिसऱ्या टबाला कोणी हात लावणार नाही, हे लेखी मागितलं. लेखी द्यायचं तर नियमात बसायला हवं, म्हणून अध्यक्षांनी त्यासाठी एक वर्ग तयार केला. आता टबावर इंग्रजी पाटी आहे, तिचा अर्थ होतो 'अधिकृत जैविक नियंत्रण केंद्र'. आत मासे आहेत, त्यांना बढती मिळाल्याची कल्पना नाही.

संशोधक मुलगी येऊन बाटल्या घेऊन गेली. पेल्यांची कहाणी ऐकताना ती डोक्याला हात लावून बसली होती. काही दिवसांनी तिचा फोन आला: पिल्लं वाढवून पाहिली, बहुतेक सगळे नेहमीचेच, पण जिमच्या खिडकीखालच्या बाटलीत टायगर निघाला. पाठीवर एकच पांढरी रेघ. इतक्या बांधकामाच्या भागात ही नोंद तिला महत्त्वाची वाटत होती आणि ती मनापासून खूश होती. तिच्या आनंदात मीही मनापासून सामील झाले. ती एकटीच सगळ्यांत प्रामाणिक होती. म्हणजे बघा, स्पेनमध्ये तो आशियाचा घुसखोर म्हणून पकडला जातो, आणि आशियात आमच्या सोसायटीत शिरला म्हणून आम्हाला प्रमाणपत्र मिळतं.

ही बातमी कळताच अध्यक्षांचा चेहरा उजळला. लाल नकाशा विसरला गेला. पत्रकात 'आमच्या नागरिक वैज्ञानिकांची सतर्कता' असा मथळा आला. टायगर कुठे सापडला ते जागेअभावी छापता आलं नाही. माळ घालायला मला पुढे बोलावलं. ताईंनाही बोलवा म्हटलं, तर त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, पण छापताना फोटो कापला गेला. नीट पाहा: डाव्या कडेला एक हात दिसतो, मगाचा कान धरलेला. तो त्यांचा.

सापळे आता गोदामात आहेत, एकावर एक रचून. टी-शर्ट लोक जॉगिंगला घालतात. पुढचं मिशन कबुतरांचं आहे, त्यासाठी कॅप्टन म्हणून माझं नाव घातलं गेलंय आणि मी गुडघे दुखतात असं कळवलं आहे. गुडघे ताईंचे दुखतात, पण समिती तेवढं तपासत नाही.

तेलाचे दोन टब आम्ही पुष्कळदा धुतले, चिखल बदलला, कंद स्वच्छ पाण्यात ठेवून पाहिले. ते सडले. ड्रम उपडे करून ठेवलेत; त्यांवर ताई पापड वाळवतात.

तिसरा टब जागेवर आहे. थंडीमुळे पानं गेली आहेत आणि वरून पाहिलं तर पाटी लावलेलं नुसतं डबकं दिसतं. परवा ताईंनी कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. कंद घट्ट आहे, आणि मासेही आहेत.